दगडावर किती माणसं मावतात

जिथे कोणीही जात नाही असं एखादं ठिकाण कोणाला माहीत आहे का, असं आमच्या विभागप्रमुखांनी विचारलं, तेव्हा खोलीत आम्ही तिघंच होतो. सर स्वतः, प्रयोगशाळेचे सहायक नाना, आणि मी. नाना पंख्याकडे बघत राहिले. माझा हात मात्र शाळेतल्यासारखा वर गेला आणि मी म्हणाले, "सर, आमचं गाव."

सरांनी लगेच होकार दिला नाही. ते कुठलीच गोष्ट तपासल्याशिवाय मान्य करत नसत. गेल्या दहा वर्षांत बाहेरचं कोणी फक्त गाव बघायला म्हणून आलं होतं का, असं त्यांनी विचारलं. मी आठवून सांगितलं की एकदा जनगणनेवाले आले होते. ते कामासाठी आले, ते धरायचे नाहीत, असं सर म्हणाले. मग देऊळ आहे का? मारुतीचं आहे, पण तसं ते प्रत्येक गावाला असतंच. नदी? नाला आहे, तोही पावसाळ्यापुरता. डोंगर, किल्ला, जुनी विहीर, कुठल्या साधूची समाधी? प्रत्येक प्रश्नाला मी नाही म्हणत गेले आणि सरांचा चेहरा उजळत गेला. शेवटी ते टेबलावर हात आपटून म्हणाले, "उत्तम. यापेक्षा चांगलं गाव मिळणार नाही." आमच्या गावाचं एवढं कौतुक मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. तरी घरी जाताना मला थोडं वाईटच वाटलं.

ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. धुळे आणि नंदुरबार तेव्हा एकच जिल्हा होता. मी भूगोलात एम.ए. करून धुळ्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. आमचे सर पन्नाशीचे, बारीक, कायम खिशात मोजपट्टी बाळगणारे. स्टाफरूमचं टेबल, नव्या इमारतीच्या पायऱ्या, प्राचार्यांच्या दारातला उंबरा, सगळं त्यांनी कधी ना कधी मोजलेलं होतं. त्या वर्षी कुठल्याशा परदेशी मासिकात त्यांनी एक लेख वाचला आणि त्यांना 'शाश्वत पर्यटन' भेटलं. एखाद्या ठिकाणी माणसं बघायला येतात, तर ती किती यावीत, किती आली की ते ठिकाण बिघडायला लागतं, तिथल्या रहिवाशांना त्याचा जाच कधी होतो, हे सगळं मोजता येतं म्हणे. आणि ठिकाणं वेगवेगळ्या जातीची असली तर मोजमापही वेगळं निघतं. सरांनी हे आम्हाला दोन दिवस समजावलं. नानांनी तिसऱ्या दिवशी विचारलं की शाश्वत म्हणजे टिकाऊ का. सर म्हणाले, तसंच. मी सुट्टीत घरी गेले तेव्हा आईला तेच सांगितलं. तिने विचारलं, धुतल्यावर रंग जात नाही ते का? मी हो म्हटलं, कारण यापुढे समजावायला मलाही येत नव्हतं.

सरांनी बावन्न प्रश्नांचा तक्ता तयार केला. तीन जातींची तीन ठिकाणं निवडली. सातपुड्याच्या पायथ्याचं एक गरम पाण्याचं कुंड, डोंगरमाथ्यावरचं एक तळं, आणि भुसावळजवळची दीपनगरची वीज केंद्राची वसाहत. तिसरं नाव ऐकून नाना हसले. पण शाळांच्या सहली तिथे उंच चिमण्या बघायला जातात, म्हणजे तेही पर्यटनच, असं सरांचं म्हणणं होतं.

कुंडावर आम्ही पाण्यात थर्मामीटर धरला, तर लोकांना आम्ही डॉक्टर वाटलो. तक्त्यातला बारावा प्रश्न मी विचारायला गेले की समोरचा माणूस धोतर वर करून गुडघ्यावरचा गजकर्ण दाखवायचा. तळ्यावर माणसांपेक्षा माकडं जास्त होती आणि माकडांना पर्यटक धरायचं का, यावर नाना आणि सरांचा बसमध्ये वाद झाला. दीपनगरमध्ये एका बाईंना मी विचारलं की बाहेरच्या लोकांचा तुम्हाला त्रास होतो का. त्यांनी मला आत बोलावून, पाणी देऊन, दार लावून सांगितलं की सहलीच्या पोरांचा काही त्रास नाही, ती चिमणी बघतात आणि जातात. त्रास दिरांच्या कुटुंबाचा आहे. इथली वीज जात नाही म्हणून दर उन्हाळ्यात ते पंख्याखाली झोपायला येतात ते जूनपर्यंत हलत नाहीत. हे लिहा, पण नाव लिहू नका. मी तसं लिहिलं.

या तिन्हींशी तुलना करायला सरांना चौथं ठिकाण हवं होतं. जिथे पर्यटन अजिबात नाही, असं. तिथे सात रविवार बसायचं, शून्य मोजायचं, आणि त्या शून्यासमोर बाकीचे आकडे ठेवायचे. शास्त्रात असं करतात, सर म्हणाले.

आमचं गाव शिंदखेडा तालुक्यात, दोंडाईचाच्या रस्त्यावर. फाट्यावर बस थांबते, तिथून गाव अर्धा किलोमीटर आत. फाट्याला लागूनच आमचं कापसाचं शेत आणि शेताच्या बांधावर निंबाचं मोठं झाड. त्याखाली आम्ही टेबल मांडलं. चारही ठिकाणी मांडणी अगदी सारखी हवी, असा सरांचा आग्रह असल्यामुळे टेबलाशेजारी पाटीही रोवली. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं, कॉलेजच्या चित्रकला शिक्षकांनी रंगवलेली: पर्यटक गणना केंद्र.

पहिल्या रविवारी मी आणि नाना सकाळी आठपासून बसलो. थंडीचे दिवस होते, ऊन बरं वाटत होतं. सरांच्या व्याख्येप्रमाणे पर्यटक म्हणजे बाहेरगावाहून आलेला, आणि काही काम नसलेला माणूस. दहाच्या सुमारास एक म्हातारे हरवलेली म्हैस शोधत आले. त्यांना काम होतं. बोहारीण आली, तिलाही काम होतं. दुपारी एका घरचा जावई बसमधून उतरला. नवा शर्ट, हातात पिशवी, चालणं सावकाश. नाना म्हणाले, बाहेरगावचा आहे आणि याला इथे काडीचंही काम नाही, व्याख्येत बरोबर बसतो. मी म्हटलं, जावई पर्यटक कसा होईल? नाना म्हणाले, येतो, खातो, झोपतो, काहीतरी घेऊन परत जातो, अजून काय करतात पर्यटक? आम्ही ती नोंद पेन्सिलीने केली. सोमवारी सरांनी तासभर विचार करून ती खोडली. जावई आमंत्रित असतो, असा त्यांचा निकाल होता. शून्य कायम राहिलं आणि सर समाधानाने चहा प्यायले.

दुसऱ्या रविवारी अकराच्या बसमधून पाच तरुण उतरले. ते दोंडाईचाचे होते आणि शिंदखेड्याला लग्नाला चालले होते. बस थांबली तेव्हा खिडकीतून त्यांना पाटी दिसली. त्यांच्यातला एक टेबलापाशी आला आणि त्याने वाकून मला विचारलं, "काय शे आठे?"

मी खरं ते सांगितलं. काही नाही.

तो मागे वळून मित्रांकडे बघून हसला. काही नाही तर मोजताय काय, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, काही नाही तेच मोजतोय. याचा त्यांच्यावर फार वाईट परिणाम झाला. सरकारी माणूस काही नाही म्हणतो तेव्हा नक्की काहीतरी असतं, असं एकाने ठरवलं. दुसऱ्याने हळूच विचारलं की जमिनीखाली तेल सापडलं का. ते पाचही जण लग्न सोडून आमच्या बांधावर फिरायला लागले. नानांनी माझ्याकडे बघितलं, मी तक्त्याकडे बघितलं. बाहेरगावचे होते आणि काम नव्हतं. मी पाच रेघा मारल्या.

तेवढ्यात माझी फुई आली. फुई म्हणजे माझी आत्या, माझ्या वडिलांची, म्हणजे आबांची थोरली बहीण, फार लवकर विधवा होऊन माहेरी परतलेली. आमच्या घरात तिच्या शब्दापुढे आबांचाही शब्द चालत नसे. ती आमच्यासाठी कळण्याची भाकरी आणि भरीत घेऊन आली होती. पाच परके तरुण शेतात काहीतरी शोधतायत आणि मी त्यांना काही नाही म्हणून परत पाठवतेय, हे बघून तिचा चेहरा पडला. तिने मला झाडामागे नेलं.

"इतला दूरतून मानूस उना, आनि त्याले काहीच दखाडानं नही?" ती म्हणाली. "लाज नही वाटत का वं तुले?"

मी तिला शून्य, तुलना, शास्त्र हे सगळं समजावून सांगितलं. ते तिच्या डोक्यावरूनच गेलं. ती त्या पोरांना म्हणाली, चला, दाखवते. आणि त्यांना शेताच्या टोकाला घेऊन गेली.

तिथे एक दगड होता. काळा, माणसापेक्षा थोडा उंच, वरून सपाट, एका बाजूने उतरता. आबांच्या आजोबांपासून सगळ्यांनी त्याला वळसा घालून नांगर चालवला होता. त्याच्याबद्दल गावात कोणी कधी एक वाक्य बोललं नव्हतं, कारण बोलण्यासारखं काही नव्हतंच. फुई त्या पोरांना दगडासमोर उभं करून म्हणाली, बघा. ते बघत राहिले. मग एकाने विचारलं की हे काय आहे. फुईलाही माहीत नव्हतं. तिने उलट त्यालाच विचारलं, तुला काय दिसतं? तो म्हणाला, बसलेला हत्ती. दुसऱ्याने सांगितलं, छे, ही तर एस.टी. बस आहे, मागून बघितल्यावर. त्यावर त्यांचं जुंपलं. तासभर ते दगडाभोवती फिरत होते, वर चढत होते, उतरत होते, आणि पुढची बस आल्यावर खूश होऊन गेले. लग्न बहुतेक चुकलंच.

सोमवारी सर पाचचा आकडा बघून अस्वस्थ झाले. योगायोग असेल, म्हणाले.

तो योगायोग नव्हता. ते पाच जण दोंडाईचाला जाऊन बोलले असणार, कारण तिसऱ्या रविवारी एकोणीस जण आले आणि त्यांच्यातल्या प्रत्येकाने आधी हत्ती कुठे आहे असं विचारलं. बसचा कंडक्टर आमच्या फाट्याला 'गणना केंद्र' म्हणून पुकारायला लागला. चौथ्या रविवारी एक कुटुंब टेंपो करून आलं, सोबत सतरंजी, स्टोव्ह आणि एक म्हाताऱ्या आजी, ज्यांना काही दिसत नव्हतं. फुईने त्यांचा हात धरून दगडावर ठेवला आणि विचारलं, सांगा काय आहे? आजींनी बराच वेळ दगड चाचपला आणि म्हणाल्या की हा माझा मालक आहे, तोही असाच होता. सगळे हसले, आजी सगळ्यात जास्त.

फुई त्या दिवसांत वेगळीच झाली. रविवारी सकाळी लवकर न्हाऊन, ठेवणीतलं निळं लुगडं नेसून ती दगडापाशी जाऊन उभी राहायची. येणाऱ्या प्रत्येकाला ती काय दिसतं हे विचारायची आणि उत्तर लक्षात ठेवायची. म्हैस, ढेकूळ, पोळपाटावर विसरलेला पिठाचा गोळा, पोलिसपाटील बसलेत, असं काय काय तिच्याकडे जमलं होतं. एका रविवारी कोणीतरी दगडाला कुंकू लावून नारळ ठेवून गेलं. फुईने पदराने कुंकू पुसलं आणि नारळ फोडून सगळ्यांना वाटून टाकला. मी विचारलं तर म्हणाली, "तो देव नही. दगड शे. देव करशात ते रोज निवद कोन दखाडी?"

मीही खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. आमच्या गावाला कोणी यावं, आणि मी तिथे टेबल लावून बसलेली असावी, याचा मला अभिमान वाटायला लागला होता. रेघा मारताना माझं मनगट दुखायचं आणि ते दुखणं मला आवडायचं. नानांनी एकदा सुचवलं की पाटी काढून बघूया का, लोक कमी होतील. मी म्हटलं, सरांना विचारल्याशिवाय कसं काढणार? सरांना मी विचारलंच नाही.

पाचव्या रविवारी सर स्वतः आले. आदल्या आठवड्याचा आकडा डोंगरावरच्या तळ्यापेक्षा जास्त निघाला होता आणि त्यांना रात्रभर झोप लागली नव्हती. बसमधून उतरले आणि समोरची गर्दी बघून तिथेच उभे राहिले. माझं शून्य कुठे गेलं, असं ते स्वतःशीच पुटपुटले. पण सर शास्त्रज्ञ माणूस. पाच मिनिटांत त्यांनी खिशातून मोजपट्टी काढली.

त्यांनी ठरवलं की आता या ठिकाणाचीही धारणक्षमता काढायची. म्हणजे एका वेळी दगडावर जास्तीत जास्त किती माणसं सुखाने बसू शकतात. नानांनी दगडाचा सपाट भाग मोजला. सरांनी गर्दीला उद्देशून छोटंसं भाषण केलं आणि स्वयंसेवक मागितले. लोक याचीच वाट बघत असल्यासारखे धावले. सर एकेकाला वर चढवत होते, प्रत्येक चार माणसांनंतर विचारत होते, "सुखाने बसलाय ना?" आणि वरचे एका आवाजात हो म्हणत होते. आठ झाले, दहा झाले, अकरा झाले. अकराव्यानंतर कडेच्या बाईंनी सुख थोडं कमी झाल्याचं कळवलं. सरांनी ते लिहून घेतलं. बाराव्या नंबरला दोंडाईचाचे एक कापडवाले शेठ चढले. ते चांगले जाड होते आणि ते मध्ये बसायला गेले. मधले कडेला सरकले, कडेचे आणखी कडेला, आणि उतरत्या बाजूला बसलेले तिघं सावकाश घसरायला लागले. सर त्यांना थोपवायला खालून हात लावून उभे राहिले. तिघं, सर आणि सरांची मोजपट्टी असे सगळे मिळून खाली आमच्या काट्याच्या कुंपणात गेले.

कोणाला लागलं नाही. म्हणजे खरचटलं, पण हसण्यातच ते विसरले. सरांची पँट मात्र मागून गुडघ्यापर्यंत फाटली. ते कुंपणातच बसून राहिले आणि तिथूनच मला हाक मारून म्हणाले, "अकरा लिहा. बारा नव्हे."

फुईने त्यांना आबांचं धोतर आणून दिलं. सरांना ते नेसता येत नव्हतं. आबांनी त्यांना निंबामागे नेऊन नेसवलं. मग उरलेला दिवस आमचे विभागप्रमुख वर कोट, खाली धोतर अशा वेषात टेबलावर बसून तक्ता भरत होते आणि येणारे जाणारे त्यांना गावचे पाटील समजून रामराम घालत होते. त्यांना ते आवडलेलं दिसलं. शेवटी शेवटी तेही हात जोडून रामराम म्हणायला लागले.

दुपारनंतर सरांना आठवलं की तक्त्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग राहिला आहे, रहिवाशांचं मत. जमीन आमची म्हणून आधी आबांना बोलावलं. पर्यटकांमुळे तुम्हाला त्रास होतो का, असं सरांनी विचारलं. समोर दहा-बारा पाहुणे उभे राहून ऐकत होते. आबा म्हणाले, छे, कसला त्रास. सरांनी विचारलं, पिकाचं नुकसान? आबा म्हणाले, काही नाही. आमच्या कापसाच्या चार ओळी तुडवून दगडापर्यंत बैलगाडी जाईल एवढी वाट पडली होती आणि आबा तिच्याकडे पाठ करून बोलत होते. सरांच्या ते लक्षात आलं. त्यांनी आबांना बाजूला नेऊन पुन्हा विचारलं. मीही सोबत होते.

आबांनी वाटेकडे एकदा वळून बघितलं. मग म्हणाले, "त्या बठ्ठा पाहुना शेतस. पाहुनाले जाय म्हनता येस का?"

सर पेन्सिल नुसती हातात धरून बसले. तेवढ्यात आई रस्त्यावरून येताना दिसली. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी. शेतातल्या विहिरीचं पाणी मचूळ, ते पिण्याजोगं नाही. प्यायचं पाणी गावातल्या हातपंपाचं. ते अर्धा किलोमीटर वाहून आणावं लागायचं आणि बसमधून उतरलेला प्रत्येक माणूस दगड बघण्याआधी पाणी मागायचा. फुईने तर हौसेने चहासाठी चूलही मांडली होती. सरांनी आईला विचारलं की ही कितवी खेप. आईने हंडा खाली ठेवला आणि म्हणाली, सकाळपासून चौदावी. एरवी रविवारी किती होतात? एरवी शेतावर दोन पुरतात. सरांनी तेही लिहून घेतलं आणि नेहमीच्या सवयीने प्रश्न वाचला, की आपल्या मते या ठिकाणी पर्यटकांची संख्या योग्य आहे, कमी आहे की जास्त?

आई म्हणाली, "मन्हा खांदाले इचारा."

मी ते ऐकलं आणि माझी मान खाली गेली. पाच रविवार मी त्या टेबलावर बसून होते. आलेला प्रत्येक माणूस मोजला होता, जावई मोजून खोडला होता, आणि माझ्यासमोरून दिवसभर जाणारा आईचा हंडा मी एकदाही मोजला नव्हता. ती मला पाण्याचा तांब्या देऊन जायची आणि मी तो पिऊन पुढची रेघ मारायचे. मी उठून तिच्याकडची कळशी घेतली. ती म्हणाली, राहू दे, तुझी साडी भिजेल.

सरांनी तक्ता बाजूला ठेवला. धोतराचा सोगा एका हाताने सावरत ते पाटीपाशी गेले आणि ती उपटायला लागले. ती खोल गेली होती. नाना मदतीला गेले. पाहुण्यांना वाटलं हाही काहीतरी प्रयोग आहे, म्हणून चौघं पाचजण धावले, आणि पाटी उपटून झाल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी पाटी कागदात गुंडाळून बसच्या टपावर टाकली आणि धोतरातच धुळ्याला गेले.

सहाव्या रविवारी नुसतं टेबल होतं. चाळीसेक जण आले, पण चौकशी करून उरले ते निम्मेच. बाकीचे पाटी नाही बघून पुढच्या बसने गेले. त्या दिवशी पाणी मी आणि नानांनी भरलं. तिसऱ्या खेपेला नानांच्या कमरेत उसण भरली आणि ते दुपारभर निंबाखाली पालथे पडून तक्ता भरत होते. सातव्या रविवारी टेबलही नव्हतं. मी बांधावर बसून राहिले. दोन माणसं आली. त्यातला एक जावईच होता. तो सासुरवाडीला आला होता आणि कंटाळला होता.

फुई मात्र चिडली. पाटी काढली म्हणून नाही, आईसाठी काढली म्हणूनही नाही. आपल्याला कोणी विचारलं नाही म्हणून. पाण्याचं मला सांगितलं असतं तर मी चहा बंद केला असता, ती म्हणाली, आणि दगड काय, त्याला कोणी पाणी पाजायचं नव्हतं. ते खरं होतं. महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही. मी सुट्टीत गेले की ती नानांची खुशाली विचारायची, आईच्या मार्फत. आईने मात्र या विषयावर पुन्हा एक शब्द काढला नाही. आबांनी तुडवलेल्या चार ओळींत पुढच्या हंगामात आधी मूग पेरले आणि ते चांगले आले.

सरांनी निबंध लिहिला आणि पुण्याला एका चर्चासत्रात वाचला. त्यांनी काहीच लपवलं नाही. शून्याची जागा म्हणून निवडलेलं गाव चार ठिकाणांत सर्वांत जास्त गजबजलं आणि ते गजबजण्याचं कारण आपणच होतो, हे त्यांनी स्पष्ट मांडलं. सर्वांत विश्वासार्ह मोजमाप म्हणून त्यांनी 'पाणी वाहणाऱ्या व्यक्तीच्या खेपा' असं दिलं होतं. सभागृह बराच वेळ हसलं म्हणे. जेवणाच्या सुट्टीत तिघा प्राध्यापकांनी येऊन त्यांना आमच्या गावाला कसं जायचं ते विचारलं. सरांनी पत्ता चुकीचा दिला. परत आल्यावर त्यांनी मला हे सांगितलं आणि शास्त्रज्ञाने असं करणं योग्य आहे का, असंही विचारलं. मी हो म्हटलं.

फुईचा राग गेला तो संक्रांतीनंतर. तोपर्यंत मला जळगावच्या एका कॉलेजात कायम नोकरी मिळाली होती. निघण्याआधी मी तिला विचारलं की तू स्वतः कधी कुठे गेलीस का, नुसतं बघायला? ती म्हणाली, कामाशिवाय कोण कुठे जातं? लग्नाला गेली होती, मयतीला गेली होती, एकदा डोळ्याच्या ऑपरेशनला धुळ्याला गेली होती. मी म्हटलं, चल. मी तिला तापी-पांझराच्या संगमावर घेऊन गेले. दोन बस बदलून गेलो. थंडी होती, पाणी निवळ होतं, पलीकडच्या काठावर केळीच्या बागा दिसत होत्या, आणि आमच्याशिवाय तिथे कोणीही नव्हतं.

आम्ही एका पायरीवर बसलो. फुईने पदर सारखा केला, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि समोर बघायला लागली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "आते काय करानं?"

मी म्हटलं, काही नाही, नुसतं बघायचं.

तिने मन लावून बघितलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, काहीही न सोडता, शेतातलं तण बघावं तसं. मग गुडघ्यावर हात टेकून उठली.

"देखी लिधं," ती म्हणाली. "चाल, घर जाऊत."

आम्हाला तिथे बसून दहा मिनिटंही झाली नव्हती. परतीची बस तीन तासांनी होती. ते तीन तास आम्ही थांब्यावर बसून काढले. तिथे रांगेत बसलेल्या एका बाईशी फुईची ओळख निघाली, मग तिच्या जावेशी, मग तिच्या जावेच्या माहेरच्यांशी. बस आली तेव्हा फुईला उठवत नव्हतं. घरी आल्यावर आबांनी विचारलं, काय काय पाहिलं? फुईने त्यांना थांब्यावरच्या त्या बाईच्या सगळ्या घराची हकीकत जेवण होईपर्यंत सांगितली.